उभं मशीन, आडवं मशीन आणि आमची बाहारी

मराठी विभागासाठी लेख दे असं संपादकांनी सांगितलं तेव्हा पहिल्यांदा डोक्यात कविताच आली. पण कविता हा आपला प्रांत नाही. म्हटलं, गेल्या दिवाळीपासून जो प्रश्न डोक्यात घोळत होता आणि ज्याच्यापायी दोन सबमिशन उशिरा गेली, तोच लिहून काढावा. प्रश्न अगदी घरगुती आहे. चांगला व्हॅक्यूम क्लीनर कोणता? आणि तो आपण घ्यावा का?

हसू नका. हॉस्टेलच्या खोलीत महिन्यातून एकदा झाडू मारणाऱ्याने हा विषय घ्यावा हे मलाही चमत्कारिक वाटतं. पण आधी कारण ऐका.

प्रश्न कुठून आला

माझं गाव कोंढा, तालुका पवनी, जिल्हा भंडारा. धानाचा मुलूख. दिवाळीच्या आसपास कापणी-मळणी सुरू झाली की हवेतच तूस असतं. अंगणात धूळ, ओसरीत धूळ, अंथरुणात धूळ. आमच्या आईला दमा आहे. वर्षभर ती बरी असते, पण मळणीच्या दिवसांत रात्री दोन-तीनदा उठून बसते. भिंतीला टेकून, तोंड उघडं ठेवून श्वास घेते. शेजारच्या खाटेवर आपण जागे असतो आणि काही करू शकत नाही. इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष चालू आहे, थर्मो झालंय, फ्लुइड झालंय, आणि तरी काही करता येत नाही! हे फार लागतं.

भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी पंप लिहून दिलाय आणि सांगितलंय, "धुळीपासून जपा." आता धानाच्या गावात धुळीपासून जपायचं कसं? आई सकाळी उठून पहिलं काम करते ते झाडण्याचं. आजी झाडूला बाहारी म्हणते. बाहारी फिरली की सूर्याच्या कवडशात धूळ नाचताना दिसते, आणि ती सगळी झाडणाऱ्याच्या नाकाशी.

सुट्टीतल्या कामाचे अकरा हजार रुपये माझ्याजवळ साठले होते. मी मनाशी ठरवलं, आईसाठी व्हॅक्यूम क्लीनर घ्यायचा. त्याच वेळी नागपूरच्या मामाने फोन केला. त्याच्या शेजाऱ्यांचा मुलगा अमेरिकेहून परत आला होता आणि सामानात एक उभा व्हॅक्यूम क्लीनर होता. "घेऊन जा गा भाचा, पडूनच हाये!" फुकटात मशीन! पण फुकटची गोष्टसुद्धा आधी समजून घ्यावी, म्हणून अभ्यासाला बसलो.

उभं म्हणजे काय, आडवं म्हणजे काय

या मशीनची गोष्ट मला फार आवडली, कारण ती आपल्यासारख्याच घरातली आहे. १९०१ मध्ये इंग्लंडमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ याने धूळ ओढून घेणारं मशीन काढलं, पण ते घोडागाडीवर असे. गाडी रस्त्यावर उभी राहायची आणि लांब नळ्या खिडकीतून घरात जायच्या. घरात मावणारं विजेचं उभं मशीन केलं अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या जेम्स मरे स्पँगलर याने. तो एका दुकानात झाडलोट करणारा कामगार होता आणि त्याला दमा होता! गालिचे झाडताना उडणाऱ्या धुळीने त्याला त्रास व्हायचा. त्याने पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून मशीन बनवलं. १९०८ मध्ये त्याला पेटंट मिळालं. ते विल्यम हूव्हर या कातड्याच्या वस्तू बनवणाऱ्या व्यापाऱ्याने विकत घेतलं. पुढे इंग्लंडमध्ये 'हूव्हर' हे झाडण्याचंच क्रियापद होऊन बसलं.

म्हणजे जगातलं हे पहिलं घरगुती उभं मशीन झाडणाऱ्या दमेकऱ्याने स्वतःसाठी केलं होतं. हे वाचल्यावर मला वाटलं, आपला प्रश्न सुटला.

तो सुटला नव्हता. उभ्या मशीनमध्ये मोटर, पिशवी आणि दांडा एकाच अंगात असतात. खाली एक फिरणारा ब्रश असतो, तो पट्ट्यावर चालतो. हा ब्रश गालिच्याचे केस विंचरतो, आपटतो, आतली माती मोकळी करतो आणि मग हवा ती ओढते. आडव्या मशीनमध्ये मोटर एका डब्यात असते, डबा चाकांवर मागे येतो आणि हातात नुसती नळी असते. भिंतीवरून भिंतीपर्यंत गालिचा असलेल्या अमेरिकन-इंग्रज घरांत उभं मशीन वाढलं. आपल्याकडे शहाबादी, कोटा, टाइल, नाहीतर सारवलेली जमीन. म्हणून भारतीय बाजारात डब्याचीच मशीनं जास्त दिसतात. हल्ली बॅटरीवर चालणारी काठीसारखी मशीनं आली आहेत, पण गालिच्याचं खरं तारेचं उभं मशीन आपल्याकडे क्वचितच दिसतं.

पहिला धडा हा : ब्रँड विचारण्याआधी जमीन विचारा.

वॉटचा घोळ

दुकानात पहिलं वाक्य असतं, "साहेब, सोळाशे वॉट आहे!" मित्रांनो, हे वॉट मोटर किती वीज खाते त्याचे आहेत. ती धूळ किती ओढते त्याचे नाहीत. मेसमध्ये जो सगळ्यात जास्त जेवतो तोच सगळ्यात जास्त काम करतो असं असतं तर काय पाहिजे होतं!

धूळ ओढायला दोन गोष्टी लागतात. एक, दाबातला फरक, म्हणजे सक्शन. हे किलोपास्कलमध्ये किंवा पाण्याच्या मिलिमीटरमध्ये देतात. १ किलोपास्कल म्हणजे साधारण १०२ मिलिमीटर पाणी. दोन, हवेचा प्रवाह, लिटर प्रति सेकंद. दोघांचा गुणाकार म्हणजे हवेची शक्ती, तिला एअर वॉट म्हणतात.

आता गंमत पाहा. कंपनी जो दाब छापते तो नळीचं तोंड पूर्ण बंद केल्यावरचा असतो. तेव्हा प्रवाह शून्य. आणि जो प्रवाह छापते तो तोंड पूर्ण उघडं असतानाचा असतो. तेव्हा दाब जवळजवळ शून्य. काम होतं ते या दोघांच्या मधे. दाब-प्रवाहाची रेघ सरळ आहे असं धरलं, तर जास्तीत जास्त हवाशक्ती म्हणजे दोन्ही कमाल आकड्यांच्या गुणाकाराचा चौथा भाग. (रेघ काढून बघा, व्हायवाला उपयोगी पडेल.)

समजा, मशीन 'अ' : २० किलोपास्कल आणि ३५ लिटर प्रति सेकंद. उत्तर १७५ वॉट. मशीन 'ब' : १६ किलोपास्कल आणि ५० लिटर प्रति सेकंद. उत्तर २०० वॉट. म्हणजे ज्याचा सक्शनचा आकडा कमी तेच मशीन सरस निघालं! आणि दोन्ही मशीनं चौदाशे वॉटची असली तरी प्रत्यक्ष हवेला मिळाली त्याच्या सातव्या-आठव्या हिश्श्याएवढी शक्ती. बाकीची उष्णता आणि आवाज.

युरोपियन युनियनने हे ओळखून सप्टेंबर २०१४ पासून १६०० वॉटच्या वरची आणि सप्टेंबर २०१७ पासून ९०० वॉटच्या वरची घरगुती मशीनं बाजारात आणायला बंदी केली. लोकांची घरं काही मळकी राहिली नाहीत. कंपन्यांनी ब्रशचं तोंड, नळी आणि पंखा सुधारला.

आणखी एक गावाकडची गोष्ट. १४०० वॉट भागिले २३० व्होल्ट म्हणजे ६ ॲम्पियरच्या थोडं वर. आपल्या घरातले लहान सॉकेट ६ ॲम्पियरचे असतात. तेव्हा मोठं मशीन नेहमी १६ ॲम्पियरच्या सॉकेटवरच लावा. हॉस्टेलच्या एक्स्टेंशन बोर्डावर तर मुळीच नको. रेक्टर सरांनी हे वाक्य नोटीस बोर्डावर लावलं तरी माझी हरकत नाही.

पिशवी, सायक्लोन आणि हेपा

ओढलेली धूळ आत राहिली पाहिजे. नाहीतर पुढून ओढायची आणि मागून उडवायची, याला काय अर्थ? जुन्या उभ्या मशीनमध्ये कापडी पिशवी असे. मोठी माती आत राहायची आणि बारीक धूळ कापडातून बाहेर. दम्याला त्रास देणारी हीच बारीक धूळ.

सायक्लोनचं तत्त्व आपल्या भंडारा जिल्ह्यातल्या पोराला समजावून सांगायला नको. राईस मिलच्या छपरावर पत्र्याचा तो नरसाळ्यासारखा शंकू पाहिलाय ना? हवा त्यात गरगर फिरते, तूस कडेला आपटून खाली पडतं आणि हवा वरून निघून जाते. इंग्लंडच्या जेम्स डायसनने लाकडाच्या कारखान्यातला असाच मोठा शंकू पाहून तो व्हॅक्यूम क्लीनरमध्ये बसवायचं ठरवलं. त्यासाठी त्याने ५१२७ नमुने केले! १९९३ मध्ये त्याचं डीसी०१ हे उभं मशीन इंग्लंडच्या बाजारात आलं.

शंकू लहान का करतात? सूत्र आठवा : वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या. हवेचा वेग सेकंदाला १५ मीटर आणि त्रिज्या अर्धा मीटर असेल तर कणावर गुरुत्वाच्या साधारण ४६ पट जोर येतो. त्रिज्या २ सेंटिमीटर केली तर तोच जोर साधारण ११०० पट होतो. म्हणून मशीनमध्ये बारीक बारीक शंकूंची रांग असते.

पण सायक्लोनमधूनही अगदी बारीक कण सुटतातच. त्याला हेपा फिल्टर लागतो. अमेरिकन व्याख्येप्रमाणे खरा हेपा ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. डब्यावर 'हेपा टाइप', 'हेपा सारखा' असं लिहिलेलं असेल तर तो हेपा नव्हे. आणि फिल्टर खरा असला तरी मशीनच्या सांध्यांतून हवा गळत असेल तर उपयोग शून्य. शिवाय डबा रिकामा करताना धूळ पुन्हा तोंडावर येते. दमेकऱ्याच्या घरात बंद होणारी कागदी पिशवी म्हणूनच बरी. खर्च वाढतो, पण धूळ पिशवीसकट जाते.

ब्रँडची गोष्ट

आता मुख्य मुद्दा. उभ्या मशीनच्या जगात चार तऱ्हा दिसतात.

किर्बी : धातूचं अंग, वजनदार, घरी येऊन प्रात्यक्षिक दाखवून विकायची पद्धत, किंमत भरमसाट. पण दुरुस्त करत करत वर्षानुवर्षं चालवणारे लोक आहेत. यात धूळ थेट पंख्यातून जाते. प्रवाह जोरदार मिळतो, पण नाणं किंवा बोल्ट गेला तर पंख्याचं पातं मार खातं.

ओरेक : १९६३ मध्ये डेव्हिड ओरेकने सुरू केलेली कंपनी. हॉटेलमध्ये दिवसभर ढकलायला हलकं उभं मशीन ही तिची ओळख.

हूव्हर, बिसेल, शार्क : मधल्या किमतीचे, प्लॅस्टिकचे, भरपूर मॉडेलं. एकाच नावाखाली चांगलं आणि सुमार दोन्ही मिळतं, म्हणून नावापेक्षा मॉडेल पाहावं लागतं.

डायसन : सायक्लोन, नवं तंत्र, महाग. २०१८ पासून भारतात आहे, पण इथे भर आहे तो बॅटरीच्या काठीवर.

आणि आपल्याकडे? १९८२ मध्ये फोर्ब्स आणि स्वीडनची इलेक्ट्रोलक्स यांनी मिळून युरेका फोर्ब्स काढली. टाय लावलेला विक्रेता दारात येतो, गादीवर मशीन फिरवतो आणि पांढऱ्या कापडावर धूळ काढून दाखवतो, हे चित्र शहरातल्या कित्येक मराठी घरांनी पाहिलं आहे. युरोक्लीन हे नाव तिथूनच घरोघर गेलं.

ब्रँडबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवा. नाव तेच राहतं, मालक बदलतो. अमेरिकेतली हूव्हर २००७ पासून हाँगकाँगच्या एका कंपनीकडे आहे आणि युरोपातली हूव्हर वेगळ्याच घराण्यात आहे. ओरेकही २०१३ मध्ये विकली गेली. युरेका फोर्ब्सची मालकी २०२२ मध्ये ॲडव्हेंट या गुंतवणूक कंपनीकडे गेली. तेव्हा "आमच्या काकांकडे तीस वर्षांपूर्वी होता, अजून चालतो" ही आजच्या मशीनची हमी होत नाही. आज त्याचा पट्टा, पिशवी, फिल्टर आणि कार्बन ब्रश भंडाऱ्यात किंवा नागपुरात मिळतो का, हा खरा प्रश्न.

आणि गादीच्या प्रात्यक्षिकाबद्दल : कुठल्याही गादीवर कुठलंही बरं मशीन फिरवा, धूळ निघणारच. त्यावरून गादी मळकी होती एवढं सिद्ध होतं. हे मशीन दुसऱ्यापेक्षा चांगलं आहे हे त्यातून सिद्ध होत नाही.

पैशाचा हिशेब

किंमत म्हणजे दुकानात दिलेले पैसे नव्हेत. वर्षाला किती पडलं ते पाहा. समजा, एक मशीन ६००० रुपयांचं, चार वर्षं चाललं, फिल्टर-पिशवीला वर्षाला ५०० रुपये. एकूण ८०००, म्हणजे वर्षाला २०००. दुसरं १४००० रुपयांचं, दहा वर्षं चाललं, वर्षाला ८०० रुपये सामान. एकूण २२०००, म्हणजे वर्षाला २२००. फारसा फरक नाही! पण दुसऱ्याचे सुटे भाग पाचव्या वर्षी मिळेनासे झाले तर तेच १८००० भागिले पाच, म्हणजे ३६०० रुपये. सगळा खेळ सुट्या भागांवर आहे.

विजेची भीती नको. १२०० वॉटचं मशीन आठवड्यातून दोनदा पाव-पाव तास चाललं तर वर्षाला साधारण ३१ युनिट होतात. युनिटला दहा रुपये धरले तरी तीनशे-सव्वातीनशे रुपये.

टॉर्चचा प्रयोग

एवढा अभ्यास करून मामाकडून ते उभं मशीन कोंढ्याला आणलं. त्यावर लिहिलं होतं १२० व्होल्ट, १२ ॲम्प. म्हणजे १४४० वॉट. आपल्या २३० व्होल्टला सरळ लावलं असतं तर मोटर तिथेच जळाली असती. २००० व्हीएचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर मागून आणला. मशीनपेक्षा तोच जड!

समोरच्या खोलीत फरशी आहे, मागची खोली आणि स्वयंपाकघर सारवलेलं. रात्री सगळे दिवे मालवले आणि जमिनीशी टॉर्च आडवा धरला. अंधारात टॉर्चच्या झोतात उडणारे कण स्पष्ट दिसतात. आधी बाहारीने झाडलं. झोतात नुसता ढग. तो बसायला बराच वेळ लागला. मग मशीन फिरवलं. पुढे ढग कमी होता, पण पिशवीच्या अंगाने बारीक धुराची रेघ निघत होती, आणि खालच्या हवेच्या मारामुळे कोपऱ्यातली धूळ ब्रश पोचण्याआधीच उडत होती. मग ओल्या फडक्याने पुसलं. झोत जवळजवळ स्वच्छ.

मागच्या खोलीत तर फजितीच झाली. फिरत्या ब्रशने सारवणाचा थरच खरवडून काढला. पिशवीत केर कमी, जमीनच जास्त. आई दारात तोंडाला पदर लावून उभी होती. म्हणाली, "काहून गा, जमीनच उचलून नेतेस का?" आजी हसून हसून खाली बसली.

मशीन वाईट नव्हतं, म्हणून त्याच्या ब्रँडचं नाव लिहीत नाही. ते गालिच्यासाठी केलं होतं आणि मी ते सारवणावर चालवलं. चूक माझी.

मग काय घेतलं?

अकरा हजारांत मी व्हॅक्यूम क्लीनर घेतला नाही. आई झोपते त्या मागच्या खोलीतल्या धानाच्या पोत्यांना बाहेरच्या पडवीत जागा केली आणि त्या खोलीत साधी टाइल बसवून घेतली. मजुरीत बाबा आणि मी धरलेलो, म्हणून भागलं. उरलेल्या पैशात गादी-उशीला चेन असलेल्या खोळी घेतल्या आणि मळणीच्या दिवसांसाठी एन-९५ मास्क. आता त्या खोलीत कोरडं झाडणं बंद. रोज ओलं पुसणं. चादरी आठवड्यातून एकदा कढत पाण्यात. झाडायचं काम सुट्टीत माझ्याकडे आणि एरवी बाबांकडे. सुरुवातीला बाबांना अवघड वाटलं. शेजारी काय म्हणतील? आता शेजाऱ्यांनाही सवय झाली.

पंप चालूच आहे. तो बंद करायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलंय, आणि टाइलने दमा बरा होतो असा दावा मी करणार नाही. पण या मळणीत आई रात्री एकदाच उठली असं बाबांनी फोनवर सांगितलं. त्या दिवशी मेसची भाजीसुद्धा चांगली लागली.

आणि लक्ष्मीपूजनाला आमच्याकडे केरसुणीचीच पूजा झाली. तिचा मान तिला राहू द्या, फक्त दमेकऱ्याच्या हातात ती देऊ नका.

जाता जाता

ज्यांच्या घरी फरशी आहे, गाद्या-सोफे आहेत, त्यांनी मशीन जरूर घ्यावं. घेताना एवढं विचारा :

१. माझी जमीन कोणती? गालिचा नसेल तर उभं मशीन नको, डब्याचं पाहा.
२. वॉट नको, दाब आणि प्रवाह दोन्ही सांगा.
३. हेपा खरा आहे का, आणि हवा सांध्यांतून गळते का? मागच्या जाळीवर पांढरा रुमाल धरून पाहा.
४. पिशवी, पट्टा, फिल्टर माझ्या जिल्ह्यात मिळतो का?
५. वर्षाला किती पडेल?

आपल्या वाचनालयासाठी मशीन घ्यायचा विषय हॉस्टेल कमिटीत निघाला आहे असं ऐकतो. पुस्तकांच्या कपाटांना आणि खुर्च्यांच्या गाद्यांना ते उपयोगी पडेल. मात्र कोटेशन मागवताना हे पाच प्रश्न सोबत जोडावेत अशी नम्र सूचना. आणि तोवर आमच्या मजल्यावरच्या मावशींना एक मास्क तरी द्या. रोज सकाळी सगळ्या खोल्यांची धूळ त्याच खातात, आणि आपण तेव्हा झोपलेले असतो.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी
मु. कोंढा, ता. पवनी, जि. भंडारा